शिफारसपत्रातलं वाक्य

मी स्वतः आताच्या हिशेबानं बारावी, तीही कला शाखेतून. तरी रसायन, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र असल्या विषयांत डॉक्टर झालेली माणसं अजूनही मला रस्त्यात अडवतात आणि "ताई, ओळखलं का?" म्हणतात. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. मी सरळ विचारते, "विषय काय होता रे तुझा?" विषय सांगितला की सगळं आठवतं. अर्ज कुठं गेला होता, कितीदा परत आला होता, आणि कार्बन उलटा लागल्यामुळं कुठलं पान मला मशीनवर दुसऱ्यांदा मारावं लागलं होतं, तेसुद्धा.

विद्यापीठाच्या रस्त्यावर, बेगमपुऱ्याच्या बाजूला, माझं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक इंग्रजी मशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. माझा जन्म पोलिस ॲक्शनच्या सालातला, म्हणजे अठ्ठेचाळीसचा, माहेर देवगाव रंगारी, सासर पडेगाव. आमचे हे छावणीतल्या एका कचेरीत कारकून होते. लग्नानंतर त्यांनीच मला टायपिंगचा क्लास लावून दिला. शेजारीण म्हणायची, "दिसभर टकटक करती आन् घरी भाजी करपवती." भाजी करपायची, हे खरं आहे. ती मुकाट्यानं खाणाऱ्या सासूबाईंचे आभार मी त्या असताना मानले नाहीत, ते इथं मानते.

बाहेरच्यांना वाटतं, पोरगं हुशार असलं की त्याला संशोधनाची जागा मिळते. तसं नसतं. आधी पेपरात बारीक अक्षरात जाहिरात येते. अमुक संस्थेत, तमुक प्रकल्पावर, संशोधन छात्राची एक जागा. जागा एक आणि अर्ज देशभरातून. अर्जाच्या पाच प्रती लागायच्या. झेरॉक्स तेव्हा गावात नुकतं येत होतं आणि कचेऱ्यांचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून गुणपत्रिकासुद्धा टाइप करून द्यावी लागे. खाली 'खरी नक्कल' असं लिहायचं आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का आणायचा. मग काय संशोधन करणार त्याचा आराखडा. त्यात किड्याचं किंवा झाडाचं शास्त्रीय नाव आलं की ते अधोरेखित करायचं, कारण मशीनला तिरकी अक्षरं नव्हती. ग्रीक अक्षरं आली की जागा कोरी सोडायची आणि नंतर पोरानं ती काळ्या शाईच्या पेनानं भरायची. एका भौतिकशास्त्रवाल्याच्या आराखड्यात इतक्या कोऱ्या जागा होत्या की मी त्याला म्हटलं, "बाबा, तू घरीच लिही, मी नुसते पानांना नंबर टाकून देते."

गुणांच्या बाबतीत मी कडक होते. एकानं नक्कल मारताना चोपन्नचे चौसष्ट करा म्हणून फार गळ घातली. मी मूळ कागद त्याच्या हातात दिला आणि पायरी दाखवली. एक आकडा मी कधी इकडचा तिकडं केला नाही, आणि याचा मला मोठा ताठा होता. तो ताठा कसा उतरला तेच मला सांगायचं आहे.

अर्जाला दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं जोडावी लागतात. आता यातली रीत बाहेर कुणाला माहीत नसते. पोरगं सरांकडं जातं आणि पत्र मागतं. सर कामात असतात. म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." पोरगं हो म्हणतं आणि तसंच माझ्या बाकड्यावर येऊन बसतं. "ताई, काय लिहू?" आता स्वतःच स्वतःची स्तुती कशी लिहायची? खेड्यातून आलेलं पोर, मान खाली घालून बसायचं. मग मीच कागद चढवायचे. 'मी या विद्यार्थ्याला गेली दोन वर्षे ओळखतो, तो प्रामाणिक, कष्टाळू व सद्वर्तनी आहे, मी त्याला यश चिंतितो.' असं इंग्रजीतून, ठरलेलं. विद्यार्थी सही घेऊन यायचा. कुणाची काही तक्रार नव्हती. पत्र माझं आणि सही सरांची, यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंसुद्धा नाही.

त्या पत्रात एक वाक्य मात्र मी घातलं होतं, खास माझं. त्याची गोष्ट अशी. वनस्पतिशास्त्राच्या एका पोरानं ज्वारीच्या रोगावर तीन वर्षं काम केलं होतं. त्याचा प्रबंध मारताना शेवटच्या प्रकरणात मी अडखळले. त्यानं लिहिलं होतं, माझ्या प्रयोगांतून काहीही सिद्ध झालेलं नाही. मी त्याला विचारलं, "अरे, असं लिहितात का?" तो म्हणाला, "ताई, झालंच नाय तर काय लिहू?" इतक्या सहज म्हणाला की मी ते होतं तसंच मारलं. त्यानंतरच्या एका पत्रात माझ्या हातून आपोआप उतरलं: 'संशोधनाला लागणारी चिकाटी या विद्यार्थ्याकडे आहे, आणि हाती काहीच लागले नाही तर तसे कबूल करण्याचे धैर्यही आहे.' इंग्रजीत ते फार डौलदार दिसायचं. मी स्वतःच दोनदा वाचलं. ते वाक्य मी सगळ्यांना देत नसे. ज्याच्याबद्दल मला आतून वाटे त्यालाच, वर्षाकाठी एखाद्याला. सर लोक सही करताना वाचत होते की नाही देव जाणे.

रफिया दौलताबादची. वडिलांची सीताफळांची बाग होती, किल्ल्याच्या खालच्या अंगाला. एम.एस्सी. प्राणिशास्त्रात झाली आणि लगेच आई अंथरुणाला खिळली. चार वर्षं पोरीनं आईचं केलं. आई गेल्यावर पडेगावच्या एका शाळेत तात्पुरती शिकवू लागली आणि सुट्टीच्या दिवशी विद्यापीठात येऊन जोगदंड सरांच्या हाताखाली आपलं काम करू लागली. सर प्राणिशास्त्राचे, कडक आणि कमी बोलणारे. आम्ही दोघी एकाच बसनं यायचो, म्हणून ओळख. तिचं काम होतं पिठ्या ढेकणावर. सीताफळावर पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसतं ना, तो हा किडा. त्याला खाणारे ढालकिडे असतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. ते बागेत सोडले तर पिठ्या जाईल का, हे तिला बघायचं होतं.

एक दिवस ती जाहिरातीचं कात्रण घेऊन आली. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत फळझाडांच्या किडी-रोगांवर एक जागा. वयाची अट अठ्ठावीस.

"ताई, चार महिन्यांनी माझे अठ्ठावीस भरतात," ती म्हणाली. "ही गेली तर मग कुठंच नाय. सगळीकडं हीच अट हाय."

"अब्बा काय म्हणतात?"

"अब्बा म्हन्ते, जा बेटी. पन जागा तर मिळू दे!" आणि हसली.

मी तिचा अर्ज जीव लावून मारला. एक खाडाखोड नाही. जोगदंड सरांनी नेहमीप्रमाणं "लिहून आण" सांगितलेलं. पत्रात मी ते वाक्य घातलं. तिला नाही घालायचं तर कुणाला?

आठवड्यानं वनस्पतिशास्त्राचा प्रकाश आला. हा कन्नडकडचा, जेमतेम तेविशीचा, झाडांच्या रोगांतलं डोकं चांगलं. बोलायला गोड आणि लाजरा. त्यालाही एक पत्र हवं होतं, त्याच्या मॅडमच्या सहीचं. प्रकाशबद्दलही मला आतून वाटायचं. मी वाक्य घातलं. पाकिटावर पत्ता मारून दिला. रफियाच्या पाकिटावरही पत्ता मीच मारला होता. पत्ता तोच. मी तो दोनदा मारला आणि माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. बोटं मारतात तेव्हा डोकं कुठं असतं कोण जाणे.

दीड महिन्यानं रफिया दुकानात आली ती बाकड्यावर बसलीच नाही. उभ्यानंच तिनं माझ्यापुढं एक पत्र धरलं. संस्थेनं जोगदंड सरांना लिहिलं होतं. दोन वेगळ्या विभागांतल्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं आमच्याकडे आली असून ती शब्दशः सारखी आहेत. ही पत्रं कुणी लिहिली याचा खुलासा व्हावा. तोवर दोन्ही अर्ज बाजूला ठेवले आहेत. मुलाखती तीन आठवड्यांवर होत्या.

"ताई, सर बोलले, तू कुठून नकल मारली? मी काय सांगू? तुमचं नाव घेतलं नाय मी."

घेतलं असतं तर बरं झालं असतं, इतकी मला लाज वाटली. वाईट याचं वाटलं की नेहमीच्या ठरलेल्या वाक्यांची पत्रं असती तर कुणी हटकलं नसतं. देशभरची शिफारसपत्रं तशीच असतात. माझं वाक्य चांगलं होतं म्हणून ते लक्षात राहिलं आणि पोरं अडकली. आकडा न बदलणारी मी, पण दुसऱ्यांच्या तोंडी माझे शब्द घालून वर सह्या घेत होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

तेवढ्यात प्रकाशही धापा टाकत आला. "ताई, ह्ये काय झालं हो? मॅडम लई खवळल्यात." मी दोघांना सांगितलं, चूक माझी आहे, आणि रफियाचे अठ्ठावीस भरत आलेत तेही प्रकाशच्या कानावर घातलं. प्रकाश बाकड्यावर टेकला. मग म्हणाला, "माझा अर्ज मागं घेतो म्हणून कळवतो. मला अजून लई वरसं हायेत. ह्यांचं वय सरतंय."

"काही मागं घ्यायचं नाही," मी म्हटलं. मी रागावूनच म्हटलं, कारण मला रडू येत होतं.

दुकानाला कुलूप लावून मी जोगदंड सरांकडं गेले. पंधरा वर्षं त्यांच्या विद्यार्थ्यांचे कागद मारत होते, पण त्यांच्या खोलीत पाय ठेवायची ती पहिलीच वेळ. त्यांना वाटलं मी कुठलं तरी टायपिंग द्यायला आले. मी सगळं सांगितलं. म्हटलं, मी संस्थेला पत्र लिहिते, माझ्या नावानं, की हे शब्द माझे आहेत.

सर उठून उभे राहिले. "अहो बाई, म्हणजे आम्ही पत्रं लिहीत नाही, टायपिस्ट लिहिते, असं तुम्ही त्यांना कळवणार?"

"खरं तेच आहे ना, सर?"

मला अजून कळत नाही, माझ्या तोंडातून ते कसं गेलं. सर खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मग त्यांनी रफियाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुझी बागेतली वही आण."

वही तिच्या पिशवीतच होती. सर बसून वाचू लागले. आम्ही दोघी उभ्या. मधेच त्यांनी विचारलं, "हे रोज पहाटे तू बागेत बसून मोजलंस?" ती म्हणाली, "व्हय सर. शाळेच्या आधी." पुढं एका पानावर ते थांबले. "आणि हे? ढालकिड्यांचं?"

"ते नाय झालं, सर. पूर्ण हंगाम ढालकिडे सोडले, पन पिठ्या कमी झालाच नाय. मुंगळे राखण करतात त्याची. पिठ्याचा गोड चिकटा खायला मिळतो ना त्यांना. ढालकिडा आला की चावून हाकलतात. माझा अंदाज चुकला."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही रागवाल म्हणून."

सरांनी वही मिटली नाही. समोर कागद ओढला आणि लिहायला लागले. हातानं, चार पानं. आम्हाला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. लिहून झाल्यावर मी सवयीनं हात पुढं केला, टाइप करून आणते म्हणून. सर म्हणाले, "नको. हे असंच जाऊ द्या." मग म्हणाले, "तुमचंही पत्र जाऊ द्या."

माझं पत्र मारायला मी दुकानात बसले तेव्हा दुपार होती, रस्त्यानं पोरं ये-जा करत होती आणि माझी बोटं ऐकेनात. तीन कागद वाया गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी मारलं होतं, 'मी' म्हणून स्वतःबद्दल एक ओळ कधी मारली नव्हती. शेवटी एवढंच लिहिलं: दोन्ही पत्रं मी तयार केली. ते वाक्य माझं आहे. मी ते याच दोघांना का दिलं, तर दोघांबद्दल मला ते खरं वाटतं. विद्यार्थ्यांनी काही चोरलेलं नाही. खाली नाव लिहिलं, सही केली. नावाखाली हुद्दा लिहायची पद्धत असते. काय लिहावं कळेना. 'टायपिस्ट' असं लिहिलं. प्रकाशच्या मॅडमनीही मग स्वतः वेगळं पत्र लिहिलं, ते मात्र माझ्याकडं आलं नाही. सगळं रजिस्टर पोस्टानं गेलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पोस्टमन दिसला की मी मशीन सोडून दारात जायचे, जणू मलाच मुलाखतीला जायचं होतं. दोघांनाही बोलावणं आलं. रफियाचे अब्बा तिला घेऊन गेले, आगगाडीत दोन दिवस. परत आल्यावर ती आधी दुकानात आली. म्हणाली, पाच शास्त्रज्ञ बसले होते. त्यातले सगळ्यात वयस्कर होते त्यांनी गुण विचारले नाहीत की पुस्तकातलं काही विचारलं नाही. मी सही करून पाठवलेलं पत्र त्यांच्या हातात होतं. ते म्हणाले, तुमच्या टायपिस्टबाई म्हणतात, हाती काही लागलं नाही तर तुम्ही ते कबूल करता. मग सांगा, काय हाती लागलं नाही? रफियानं मुंगळ्यांचं सांगितलं. पाऊण तास ती मुंगळ्यांवरच बोलत होती. अब्बा बाहेर घाबरून गेले, पोरगी आत अडकली कुठं म्हणून.

जागा तिला मिळाली. अठ्ठावीस भरायला तेव्हा तीन आठवडे होते. निघायच्या आदल्या दिवशी अब्बा करंडीभर सीताफळं घेऊन आले आणि म्हणाले, "बहेनजी, यातलं एकबी पिठ्यावालं नाय, बघून आणलंय." प्रकाशला दुसऱ्या वर्षी दुसरीकडं जागा मिळाली. आज तो कन्नडला कॉलेजात शिकवतो आणि दर दिवाळीला घरी येतो. आपण अर्ज मागं घ्यायला निघालो होतो, हे त्याला आठवतही नाही. मला आठवतं.

त्यानंतर मी पत्रं लिहायची सोडली नाहीत, खोटं कशाला बोलू. रीत काही एका दिवसात बदलत नाही. पण बाकड्यावर बसलेल्या पोराला मी आधी विचारायला लागले, "तू काय केलंस ते सांग. गुण नको सांगू, काम सांग." सांगता सांगता पोरं खुलायची. कुणी वर्षभर खाम नदीचं पाणी तपासलेलं, कुणी वेरूळच्या डोंगरातली गवतं जमवलेली. ते मी लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, हे घेऊन सरांकडं जा, आणि सरांना म्हणावं, यातलं खरं वाटेल तेवढं तुमच्या शब्दांत लिहा. काही सर लिहायचे. जोगदंड सर निवृत्त होईपर्यंत प्रत्येकासाठी हातानं लिहीत राहिले, आणि त्यांचं अक्षर वाचता येत नाही म्हणून पोरं माझ्याकडं तक्रार करायची. ते वाक्य मात्र मी पुन्हा कुणाला दिलं नाही. या सगळ्या पोरांनी मला किती शिकवलं! बारावी झालेल्या बाईला मुंगळ्यांपासून ग्रीक अक्षरांपर्यंत सगळं त्यांनी बसल्या जागी आणून दिलं. त्यांचं माझ्यावर ऋणच आहे.

मग संगणक आले, अर्ज संगणकावरून जायला लागले आणि दुकान बंद झालं. मशीन घरी आणून ठेवलं, अजून आहे. रफिया त्याच संस्थेत मोठी झाली, विभागप्रमुख झाली. निवृत्तीला आली होती तेव्हाचा तिचा फोन सांगते आणि थांबते.

"ताई," ती म्हणाली, "तुमचं वाक्य आलं."

"कुठलं वाक्य?"

तिनं वाचून दाखवलं. कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या कॉलेजातून एका मुलीचा अर्ज आला होता आणि शिफारसपत्रात ते वाक्य होतं, शब्दाला शब्द. खाली ज्यांची सही त्यांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. कुणी कुणाचं बघून उतरवलं असेल, ते कुठून कुठं फिरत गेलं असेल, कोण सांगणार?

"मग? बाजूला ठेवलास अर्ज?"

"नाय ताई. बोलावलं पोरीला."

"पत्र कुणी लिहिलं विचारलंस?"

"ते कायको विचारू? मला म्हाईत नाय का?" ती हसली. "मी म्हटलं, काय हाती लागलं नाय ते सांग. आधी रडली. मग सांगितलं, दोन वर्षं पाळलेले रेशमाचे किडे एका आठवड्यात मेले. चूक तिचीच होती, तेबी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं."

"घेतलीस?"

"घेतली. ताई, वाक्य खरं निघालं."

"ते पहिल्यापासून खरंच होतं गं," मी म्हटलं. "खाली सही तेवढी चुकीच्या माणसाची होती."